जेवणात कुणी काही मिसळलं का? – अशी शंका येते तेव्हा काय करावं, काय बोलावं

मे २०२५ मधली गोष्ट. सीमेवर तणाव होता. आपल्या नाशिकला एका बाजूला देवळालीचा तोफखाना आणि दुसऱ्या बाजूला ओझरचा विमानतळ, त्यामुळे युद्धाची बातमी आपल्याकडे जरा जवळून ऐकू येते. त्या आठवड्यात माझे एक जुने पेशंट, निवृत्त सुभेदार, रक्तदाब तपासायला आले. वय पंचाहत्तरीच्या आसपास, शिस्तीचे, गोळी कधी चुकवत नाहीत. तरीही त्या दिवशी वरचा आकडा १७८ आला.

"सुभेदारसाहेब, झोप झाली नाही का?"

त्यांनी खिशातून मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला निरोप होता. जवानांच्या रेशनमध्ये आणि दुधात शत्रूने विष मिसळलंय, कितीतरी जवान दवाखान्यात आहेत, सरकार लपवतंय, हा मेसेज दहा जणांना पाठवा. त्यांचा नातू सैन्यात आहे. घरी आजीने दोन दिवस धड जेवण केलं नव्हतं, आणि नातवाचा फोन लागला की "लंगरमधलं काही खाऊ नकोस, बिस्किटं खा" एवढंच सांगत होती.

"डॉक्टरसाहेब, हे खोटंच आहे ना?"

"खोटं आहे, काळजी करू नका" हे वाक्य माझ्या ओठावर आलं होतं. आलं आणि तिथेच थांबलं. कारण असंच एक वाक्य मी बावीस वर्षांपूर्वी बोललो होतो, आणि त्याची किंमत एका निरपराध माणसाने मोजली. निदान मी तरी त्याला निरपराध मानतो. ती हकीकत आज सांगतो. आधी तीच सांगतो, म्हणजे पुढचं वैद्यकीय सगळं नीट समजेल.

त्या रात्री काय झालं

साल २००३. माझा दवाखाना सुरू होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. नाशिकपासून तासाभराच्या अंतरावर, द्राक्षबागांच्या मधोमध, सैन्य आणि पोलीस भरतीची तयारी करून घेणारं एक निवासी प्रशिक्षण केंद्र होतं. त्याचं नाव सांगत नाही, आज ते अस्तित्वातही नाही. सव्वाशे-दीडशे मुलं. बहुतेक शेतकऱ्यांची, अठरा ते बावीस वयाची. पहाटे धावायचं, दुपारी अभ्यास, संध्याकाळी पुन्हा मैदान. स्वयंपाकाला परप्रांतातून आलेला एक आचारी आणि त्याचे दोन मदतनीस.

रात्री साडेअकराला मला फोन आला. नऊच्या जेवणानंतर दोन-अडीच तासांतच मुलांना उलट्या सुरू झाल्या होत्या. मी पोहोचलो तेव्हा पन्नासहून अधिक मुलं अंगणात, ओसरीवर, गवतावर पडलेली होती. पोटात मुरडा, उलट्यांवर उलट्या, घाम, काहींना जुलाब. ताप जवळजवळ कुणालाच नाही.

मी पोहोचायच्या आधीच एक बातमी मात्र सगळीकडे पोहोचली होती. सकाळी आचाऱ्याचं दोन मुलांशी भांडण झालं होतं. भाकरी कच्ची आहे म्हणून मुलांनी ताट ढकललं होतं, आणि तो रागाने काहीतरी बोलला होता. नेमकं काय, ते दहा जणांनी मला दहा प्रकारे सांगितलं. "बघून घेईन" पासून "मारून टाकीन" पर्यंत. आनंदीबाईंवर 'ध'चा 'मा' केल्याचा आरोप आहे. त्यांच्या आनंदवल्लीत राहणाऱ्या आपल्या नाशिककरांना वेगळं सांगायला नको, की घाबरलेल्या गर्दीत अक्षर बदलायला कुणी मुद्दाम बसावं लागत नाही. त्यात कोठीघरात द्राक्षांवर फवारायच्या औषधाचा एक रिकामा डबा सापडला. मग तर झालंच.

मी कामाला लागलो. सर्वांत आधी टॉर्च घेऊन मुलांच्या डोळ्यांच्या बाहुल्या बघू लागलो. एका मुलाने विचारलं, "डॉक्टर, डोळ्यांत काय बघताय?" मी घाईत म्हणालो, "काही नाही." ही माझी पहिली चूक.

मग केंद्राच्या चालकांनी माझ्या हातात माईक दिला आणि म्हणाले, दोन शब्द बोला, मुलं बिथरलीत. मी बोललो, "घाबरण्यासारखं काहीही नाही. विषबिष काही नाही. साधं अपचन असेल." ही दुसरी चूक. समोर चाळीस-पन्नास जण ओकत होते आणि मी अपचन म्हणत होतो. त्या क्षणापासून माझ्या शब्दाला तिथे किंमत उरली नाही. मागून आवाज आला, "डॉक्टरलाही गप्प बसवलं."

तिसरी चूक सर्वांत वाईट. मी एक कागद घेऊन आजारी आणि ठणठणीत, दोन्ही प्रकारच्या मुलांना विचारत गेलो, कोणी काय खाल्लं. डाळ, भात, चपाती, भाजी सगळ्यांनी खाल्लेली. शेवयांची खीर मात्र आजारी मुलांपैकी जवळजवळ सर्वांनी खाल्ली होती आणि ठणठणीत मुलांपैकी फार थोड्यांनी. खीर दुपारी तीनला करून मोठ्या पातेल्यात तशीच ठेवलेली. मी आचाऱ्याचे हात बघितले. उजव्या तर्जनीला पिकलेली जखम, वर चिंधी गुंडाळलेली. खीर कोमट झाल्यावर त्याने वेलदोडा आणि सुकामेवा हाताने चुरून घातला होता, हे त्यानेच भाबडेपणाने सांगितलं. मला कोडं सुटल्याचा आनंद झाला, आणि मी चार-पाच जणांसमोर मोठ्याने म्हणालो, "म्हणजे याच्या हातातून गेलंय तर!"

वाक्य चुकीचं नव्हतं. माझ्या डोक्यात त्याचा अर्थ होता, जखमेतले जंतू खिरीत गेले. ऐकणाऱ्यांनी अर्थ घेतला, यानेच घातलं.

पुढच्या पाच मिनिटांत त्याला ओढून बाहेर नेलं. पोलीस येईपर्यंत त्याच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. त्याच गोंधळात कुणीतरी खिरीचं पातेलं लाथेने उलथवलं, आणि सकाळी ती जागा फिनाईल टाकून धुतली. म्हणजे तपासायला नमुनाच उरला नाही. मुलं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बरी झाली, एकही दगावला नाही. आचाऱ्यावर काहीच सिद्ध झालं नाही. पण तो निर्दोष आहे हेही प्रयोगशाळेच्या कागदावर कधी आलं नाही. बरगड्या जुळल्यावर तो गावी निघून गेला. जाताना माझ्याकडे आला होता. पट्टी सोडवून घेतली आणि म्हणाला, "साहब, मैंने कुछ नहीं मिलाया था." मी म्हणालो, "मला माहीत आहे." हे मी त्या रात्री माईकवर म्हणायला हवं होतं.

माझं निदान काय होतं

आता ते 'बाहुल्या बघणं' काय होतं ते सांगतो, कारण अशा वेळी डॉक्टर काय शोधतात हे तुम्हाला माहीत असलेलं बरं.

कीटकनाशकांपैकी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं पोटात गेली, तर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात, तोंडाला लाळ सुटते, दरदरून घाम येतो, छातीत घरघर होते, स्नायू फडफडतात, झटकेही येऊ शकतात. २०१३ च्या जुलैत बिहारमधल्या सारण जिल्ह्यात शाळेचं मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुलं गेली, ती याच गटातल्या मोनोक्रोटोफॉसमुळे. धोतऱ्याचं बी पोटात गेलं तर चित्र उलटं दिसतं. बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडं, अंग गरम, आणि माणूस असंबद्ध बडबडतो. त्या रात्री मुलांच्या बाहुल्या नेहमीसारख्या होत्या, लाळ नव्हती, छाती स्वच्छ होती.

उरलेलं उत्तर घड्याळ देतं. खाल्ल्यापासून एक ते सहा तासांत जोरदार उलट्या आणि ताप नाही, तर बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस या जंतूने अन्नात आधीच तयार केलेलं विष, किंवा शिळ्या भातात वाढणारा बॅसिलस सेरियस. आठ ते सोळा तासांनी पोटात मुरडा आणि जुलाब, तर वेगळे जंतू. सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत कधीही ताप, जुलाब, तर साल्मोनेला. स्टॅफिलोकोकस आपल्या नाकात, त्वचेवर, पिकलेल्या जखमेत असतो. दुधाच्या कोमट पदार्थात त्याला चार-सहा तास मिळाले की तो भरपूर वाढतो. आणि लक्षात ठेवा, पदार्थ पुन्हा उकळला की जंतू मरतात, पण त्यांनी सोडलेलं विष उकळूनही जात नाही.

म्हणजे त्या खिरीत विष होतंच. फक्त ते कुणी घातलं नव्हतं, ते तयार झालं होतं. हा फरक मला कळत होता. तो लोकांना कळेल अशा शब्दांत सांगणं हे माझं काम होतं आणि ते मी केलं नाही.

पिठात हाडांचा चुरा

पुढे बऱ्याच वर्षांनी १८५७ बद्दल वाचताना मला ती रात्र पुन्हा दिसली. शिपायांच्या अन्नात सरकारनेच काहीतरी मिसळलंय, या संशयाची आपल्या देशातली ही सर्वांत मोठी हकीकत.

काडतुसांना गाई-डुकराची चरबी लावल्याची गोष्ट आपण शाळेत शिकलो. पिठाची गोष्ट तितकी माहीत नसते. १८५७ च्या सुरुवातीला कानपुरात पिठाचे भाव चढले होते. कानपूर म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या ब्रह्मावर्ताला लागून असलेली मोठी छावणी. तेव्हा मेरठकडून कालव्याने नावा भरून स्वस्त पीठ आलं. शिपाई त्या काळी पीठ विकत घेऊन आपापलं शिजवून खात. स्वस्त पीठ आधी खपलं, आणि मग बातमी पसरली, की हे पीठ सरकारी गिरण्यांत दळलंय आणि त्यात गाईच्या हाडांचा चुरा आहे. सगळ्यांना बाटवायचा बेत आहे. मग त्या पिठाला कुणी हात लावेना. पीठ स्वस्त होतं, हाच पुरावा झाला. इतकं स्वस्त कसं? काहीतरी असणारच.

पिठात हाडं होती, याचा कधीच काही पुरावा मिळाला नाही. पण काडतुसाच्या बाबतीत मात्र संशयाला जागा होती. वंगणात जनावराची चरबी वापरली होती, आणि ती कोणत्या जनावराची हे बघायची काळजी घेतली गेली नव्हती, हे सरकारी चौकशीतच बाहेर आलं. त्या एका खऱ्या हलगर्जीपणामुळे पिठाची खोटी बातमीही खरी वाटू लागली. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, तसं.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. शिपायांनी बाजारातून आपल्या पसंतीचं वंगण आणून लावावं, अशी मुभा जानेवारीतच दिली. नंतर काडतूस दाताने तोडण्याऐवजी हाताने फाडायची कवायत सुरू केली. दोन्ही बदल चांगले होते. पण ते का केले हे शिपायांना पटेल असं कुणी समजावलं नाही, म्हणून उलटाच अर्थ निघाला. बघा, काहीतरी होतं म्हणूनच बदललं.

मला सर्वांत जास्त विचारात टाकलं ते अंबाल्याच्या प्रसंगाने. मार्च १८५७ मध्ये सरसेनापती अ‍ॅन्सन यांनी तिथे शिपायांना सांगितलं, की ही बातमी खोटी आहे. त्यावर देशी अधिकाऱ्यांनी जो निरोप दिला त्याचा आशय असा, की आम्हाला स्वतःला तुमचं म्हणणं पटतं, पण बाहेर हजारो लोक ती बातमी खरी मानतात. आम्ही ते काडतूस वापरलं तर गावात, जातीत आम्हाला कोण उभं करील? म्हणजे प्रश्न चरबीचा उरलाच नव्हता. घरी परत गेल्यावर आपल्या ताटाला ताट कोण लावील, हा प्रश्न होता, आणि त्याला सरकारकडे उत्तर नव्हतं. पेणजवळच्या वरसईचे गोडसे भटजी त्याच सुमारास पैसा मिळवायला उत्तरेत निघाले होते. त्यांच्या 'माझा प्रवास' मध्येही काडतुसांची हकीकत येते. एका कोकणी भिक्षुकापर्यंत जी बातमी पोहोचली, ती सरकारी जाहीरनाम्याने मागे फिरणार नव्हती. गव्हर्नर जनरल कॅनिंग यांचा खुलासा करणारा जाहीरनामा १६ मेला निघाला. मेरठ १० मेला पेटलं होतं.

१८५७ ची कारणं अनेक होती, एका पिठाने उठाव झाला असं मी म्हणत नाही. पण माणसांनी ताट का ढकललं, हे समजून घ्यायला मला त्या पिठाचा उपयोग झाला.

'असं होणं शक्यच नाही' हेही म्हणू नका

मग प्रत्येक संशय अफवाच समजायचा का? नाही. १९८४ साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात द डॅलस या छोट्या गावात ७५१ लोकांना साल्मोनेलाची बाधा झाली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गावातल्या दहा रेस्टॉरंटमधल्या सॅलडच्या टेबलांवरून ती पसरली. ४५ जण रुग्णालयात दाखल झाले, सुदैवाने कुणी दगावलं नाही. आरोग्य खात्याला आधी वाटलं, की हॉटेलातल्या कामगारांच्या अस्वच्छ हातांमुळे हे झालं असावं. वर्षभराने उघड झालं, की पुण्याच्या कोरेगाव पार्कातून तिकडे गेलेल्या रजनीशांच्या वसाहतीतल्या काही मंडळींनी जंतू मुद्दाम मिसळले होते. जिल्ह्याच्या निवडणुकीत विरोधी मतदारांनी घरी आजारी पडून राहावं, हा हेतू.

म्हणजे माणसं असं करू शकतात. म्हणूनच फौजेत अन्नाला पहारा असतो. आमचे सुभेदारसाहेब सांगतात, "आमच्या वेळी लंगरचं जेवण आधी अधिकारी चाखायचा, मग आम्ही. कोठीची किल्ली एकाकडेच. पाण्याच्या टाकीला कुलूप. अनोळखी माणूस लंगरमध्ये दिसला की आधी त्याला बाहेर काढायचं, मग विचारायचं." शाळेच्या मध्यान्ह भोजनातही मुलांना वाढण्याआधी शिक्षकांसह मोठ्या माणसांनी चाखायचा नियम आहे, तो याच कारणासाठी.

पण त्या ओरेगनच्या रुग्णांकडे डॉक्टर म्हणून बघा. जंतू कामगाराच्या हातून गेले की कुणी कुपीतून ओतले, उपचार तेच होते. पाणी, क्षार, गरज असेल तर प्रतिजैविक, आणि संशयित अन्न बंद. 'कोणी केलं' याचं उत्तर मिळायला तिथे एक वर्ष लागलं. 'आता काय करायचं' याचं उत्तर पहिल्याच तासाला उपलब्ध होतं. त्या रात्री खिरीच्या वेळी आम्ही सगळे पहिल्या प्रश्नामागे धावलो. दुसरा प्रश्न माझ्या खिशात होता आणि तो मी बाहेरच काढला नाही.

मग कसं बोलावं?

जोखमीबद्दल लोकांशी कसं बोलावं, याचा आता रीतसर अभ्यास होतो. पीटर सँडमन या अमेरिकी तज्ज्ञाने एक सोपं सूत्र मांडलंय. लोकांच्या लेखी जोखीम म्हणजे प्रत्यक्ष धोका अधिक संताप. जखमी बोटातून गेलेले जंतू आणि सूडाने घातलेलं औषध, उलट्या कदाचित सारख्याच होतील, पण दुसऱ्या बाबतीत संताप कितीतरी पट. तो संताप न ऐकता नुसता धोका कमी आहे म्हणून सांगत बसलो, तर समोरचा आणखी चिडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली साथीच्या काळात लोकांशी कसं बोलावं याच्या सूचना काढल्या, त्यांतही पहिली गोष्ट विश्वास हीच आहे. मग लवकर सांगणं, काही न लपवणं, लोकांचं म्हणणं समजून घेणं, आणि आधीपासून तयारी.

आज मला त्या अंगणात पुन्हा उभं केलं, तर मी साधारण असं बोलेन:

"मुलांनो, तुम्हाला त्रास होतोय आणि तुम्ही घाबरला आहात. तुमच्या जागी मीही घाबरलो असतो. मला आत्ता जे माहीत आहे ते सांगतो. पन्नासच्या वर जणांना उलट्या होत आहेत. मी प्रत्येकाचे डोळे तपासले, कारण फवारणीच्या औषधाने बाहुल्या बारीक होतात. तुमच्या तशा नाहीत. जे माहीत नाही तेही सांगतो. नेमकं कशाने झालं, हे नमुना तपासल्याशिवाय कळणार नाही. खिरीवर माझा संशय आहे, म्हणून ती कुणी खाऊ नका आणि कुणी फेकूही नका. मुद्दाम कुणी काही केलं का, हे शोधणं पोलिसांचं काम आहे, त्यांना बोलावलं आहे. तोवर कुणाच्याही अंगाला हात लावायचा नाही. आता प्रत्येकाने घोट घोट पाणी प्यायचं. अर्ध्या तासाने मी पुन्हा याच माईकवर येईन आणि नवं काय कळलं ते सांगेन."

बोलायला एक मिनिट लागतं. आणि शेवटचं वाक्य पाळायचं. अर्ध्या तासाने नवं काही कळलं नसेल, तरी येऊन "अजून काही कळलं नाही" हे सांगायचं. मोकळी जागा सोडली की तिथे अफवा येऊन बसते.

तुमच्यासाठी: लक्षात ठेवायच्या गोष्टी

लग्न, वसतिगृह, भंडारा, सहल, कुठेही एकाच जेवणानंतर अनेकांना त्रास झाला तर:

- उलट्या-जुलाब असतील तर ओआरएसचं पाकीट पाकिटावर लिहिलंय तेवढ्या पाण्यात कालवून घोट घोट द्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.
- बाहुल्या अगदी बारीक किंवा फार मोठ्या, तोंडातून फेस किंवा लाळ, श्वासाला त्रास, झटके, बडबड, गुंगी, यांतलं काहीही दिसलं तर घरी थांबू नका. लगेच १०८ ला फोन करा. मिठाचं पाणी पाजून मुद्दाम उलटी काढू नका.
- लहान मूल, गरोदर बाई, वृद्ध, मधुमेही, किंवा लघवी कमी झालेला कुणीही, यांना आधी डॉक्टरकडे न्या.
- उरलेलं अन्न फेकू नका. झाकून, वेगळं, शक्य तर फ्रिजमध्ये ठेवा. त्यावर वेळ लिहा. कुणाला तरी त्याच्यावर लक्ष ठेवायला बसवा. हा नमुनाच दोषीला पकडून देतो आणि निर्दोषाला सोडवतो.
- कुणी, काय, किती वाजता खाल्लं आणि त्रास किती वाजता सुरू झाला, हे कागदावर लिहा. ज्यांना काहीच झालं नाही त्यांनाही विचारा.
- जवळच्या सरकारी दवाखान्याला आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवा. घातपाताची शंका असेल तर ११२. तपास त्यांना करू द्या.
- स्वयंपाक करणाऱ्याच्या हाताला जखम, गळू असेल किंवा त्याला जुलाब होत असतील, तर त्याला त्या दिवशी पगारी सुट्टी द्या. पगार कापला जाणार असेल तर तो जखम लपवणारच.
- दुधाचे, शिजवलेले पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त कोमट ठेवू नका. वाफाळते ठेवा किंवा थंड.
- कीटकनाशकाचा रिकामा डबा स्वयंपाकघरात कशासाठीही वापरू नका.

आणि मोबाईलवर असा निरोप आला तर तीन प्रश्न विचारा. कुठे? कधी? कुणी सांगितलं? तिन्हींची उत्तरं नसतील तर तो पुढे पाठवू नका, मग पाठवणारा सख्खा भाऊ का असेना.

सुभेदारसाहेबांना मी काय सांगितलं

"खोटं आहे" असं मी म्हणालो नाही. मी मोबाईल खाली ठेवला आणि विचारलं, "नातवाशी शेवटचं बोलणं कधी झालं?"

"काल रात्री."

"तब्येत कशी होती त्याची?"

"ठणठणीत. उलट आजीवरच चिडला, बिस्किटं खाऊन ड्युटी कशी करू म्हणाला."

"या मेसेजमध्ये कुठली तुकडी, कुठलं गाव, कुठली तारीख लिहिलीय?"

त्यांनी चष्मा लावून पुन्हा वाचलं. काहीच लिहिलेलं नव्हतं.

मग मी म्हणालो, "हे खरं की खोटं, मी इथे बसून शपथेवर सांगू शकत नाही. पण तुम्ही लंगरमध्ये तीस वर्षं जेवलात. अन्नाला पहारा कसा असतो हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. आजीला डॉक्टरने सांगितलेलं पटणार नाही, तुमचं पटेल. तिला 'वेडी आहेस का' म्हणू नका. आधी तिला काय भीती वाटते ते बोलू द्या, मग किल्ली कुणाकडे असायची, आधी कोण चाखायचं, ते सांगा."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "खरं तर मीच वेडी म्हणालो होतो तिला."

चार दिवसांनी ते पुन्हा आले. वरचा आकडा १४२ होता. आजी जेवायला लागल्या होत्या. जो निरोप आला होता त्याच गटात सुभेदारसाहेबांनी स्वतःचा निरोप टाकला होता. लंगरच्या कोठीची किल्ली कुणाकडे असते, इथपासून सगळं सविस्तर, आणि शेवटी, "माझा नातू तिथेच जेवतो." खाली तीसेक जणांनी हात जोडले होते. एकाने तरीही विचारलं होतं, "पण पाण्याचं काय?" त्याला त्यांनी टाकीच्या कुलुपाबद्दल लिहिलं होतं, न चिडता.

मी त्यांची गोळी तीच ठेवली आणि दोन आठवड्यांनी यायला सांगितलं.

तो आचारी आज कुठे आहे मला माहीत नाही. पण दर पावसाळ्यात विषबाधेचे रुग्ण यायला लागले, की मी माझ्या कंपाउंडरला आधी दोन वाक्यं सांगतो. पातेलं कुणाला फेकू देऊ नका. आणि कुणी विचारलं डॉक्टर डोळ्यांत काय बघतात, तर 'काही नाही' म्हणू नका, काय बघतात ते सांगा.

काळजी घ्या. ताजं खा, हात धुवा, आणि शंका आली तर विचारा.